जुनी फोटो लायब्ररी कशी काढावी, आणि कधी काढूच नये

गेल्या मे महिन्यात माझ्या मॅकबुकवर ‘डिस्क भरत आली आहे’ ही सूचना रोज यायला लागली. डिस्क २५६ जीबीची, रिकामे उरलेले ११ जीबी. पिक्चर्स फोल्डरमध्ये दोन लायब्ऱ्या शेजारी शेजारी बसलेल्या: आयफोटो या अ‍ॅपलच्या जुन्या फोटो अ‍ॅपची, ९४ जीबीची, आणि त्याच्या जागी आलेल्या फोटोजची नवी, १०१ जीबीची. जुनी मी २०१६ नंतर उघडलीही नव्हती. म्हटलं, ही वाड्यातली जुनी भाडेकरू. जागा अडवून बसलीय, देत काहीच नाही. ट्रॅशमध्ये टाकली, ट्रॅश रिकामा केला आणि जागा बघितली. १४ जीबी.

९४ काढले, ३ मिळाले. इथे थांबून विचार करायला हवा होता. मी मात्र चिडून ‘कॅमेरा कार्ड’ नावाचं ३८ जीबीचं आणखी एक फोल्डर उडवलं. त्यातले फोटो लायब्ररीत आहेतच, अशी माझी खात्री होती. या वेळी जागा पुरेपूर मिळाली आणि मी खूश झाले. तीन आठवड्यांनी बहिणीला कॅलेंडरसाठी कवडीपाटच्या चक्रवाकांचा एक फोटो हवा होता. लायब्ररीत तो दिसत होता, चांगला दिसत होता. डबल क्लिक केलं तर उत्तर आलं, मूळ फाइल सापडत नाही.

चिंचवडला भावाकडे माझी एक हार्ड डिस्क पडून होती, म्हणून बरंचसं परत आलं. त्या डिस्कवर शेवटचा बॅकअप घेतल्यानंतरचा एक अख्खा हिवाळा मात्र गेला. त्यात भिगवणचे रोहित पक्षी होते, पाषाण तलावाच्या सकाळी होत्या. सॉफ्टवेअरचा यात काही दोष नाही. फोटो डिस्कवर नक्की कुठे राहतात हे न बघता मी हात चालवला.

त्यानंतर हेच काम मी आईच्या आणि दोन मैत्रिणींच्या मॅकवर केलं, या वेळी रीतसर. तीच रीत इथे लिहिते आहे. मुख्य भर आयफोटो किंवा अ‍ॅपर्चर (हेही अ‍ॅपलचंच जुनं फोटो अ‍ॅप) सोडून फोटोजकडे आलेल्यांवर आहे, कारण गोंधळ तिथेच सर्वांत जास्त होतो. पिकासा (गूगलचं) आणि लाइटरूम (अडोबीचं) ही फोटो अ‍ॅपं वापरणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय. आणि तुम्ही निव्वळ जागेसाठी जुनी लायब्ररी काढायला निघाला असाल तर आधीच सांगते: ती जागा बहुतेक वेळा तिथे नसतेच.

हाताशी काय हवं

– एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क, तुमच्या सगळ्या फोटोंच्या किमान दुप्पट क्षमतेची
– मॅकचा लॉगिन पासवर्ड आणि अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड. दुसरा बहुतेकांना आठवत नाही. तो आधी शोधून ठेवा
– लॅपटॉपचा चार्जर. डेस्कटॉप असेल तर यूपीएस
– वही आणि पेन. आकडे वहीत लिहायचेत. ज्या मशिनची साफसफाई चाललीय त्यातच नोंदी ठेवू नयेत
– दोन मोकळे दिवस आणि त्यांच्यामध्ये किमान दोन आठवड्यांचं अंतर

मोकळा दिवस म्हणून गुरुवार धरू नका. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारीच, आणि लायब्ररीची कॉपी अर्ध्यात असताना वीज गेली की कॉपी पहिल्यापासून करावी लागते. पाणीही त्याच दिवशी नसतं, पण त्याचा फोटोंशी संबंध नाही.

१. काढायचंय काय, ते आधी ठरवा

‘आयफोटो काढून टाकायचंय’ असं म्हणताना लोकांच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, आयफोटो हे अ‍ॅप. ते अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरमध्ये असतं. ते काढलं तर एकही फोटो जात नाही आणि जागाही फारशी सुटत नाही.

दुसरी, जुनी लायब्ररी. फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फाइली दाखवणाऱ्या खिडकीत, ती एका फाइलसारखी दिसते, पण खरं तर ते बंद झाकणाचं फोल्डर असतं. आत मूळ फोटो, लहान आकाराच्या प्रती आणि नोंदींचा डेटाबेस असतो. फोटोजने आयफोटोची लायब्ररी आपल्याकडे घेतली की जुनीच्या नावाचं शेपूट बदलतं आणि तिथे ‘मायग्रेटेड फोटोलायब्ररी’ असे शब्द येतात. ते दिसले तर स्थलांतर पार पडलं आहे. शेपूट जुनंच असेल तर ही लायब्ररी फोटोजने अजून घेतलेलीच नाही. मग पुढचं काही वाचू नका. आधी ती फोटोजमध्ये उघडून घ्या.

तिसरी, इकडेतिकडे पडलेली फोल्डरं: डेस्कटॉपवरचं ‘फोटो नवीन’, डाउनलोड्समधलं ‘ताईचं लग्न फायनल’, माझं ‘कॅमेरा कार्ड’. खरा धोका या तिसऱ्या ढिगात आहे. यातलं कुठलं फोल्डर निव्वळ जादा प्रत आहे आणि कुठल्यावर लायब्ररी टेकून उभी आहे, हे नावावरून कळत नाही.

२. जागेचा हिशोब: सातबाऱ्यावर दोन नावं

फोटोज २०१५ च्या एप्रिलमध्ये आलं, तेव्हा लोकांच्या डिस्क आजच्याहून लहान होत्या. जुन्या लायब्ररीतले सगळे फोटो नव्या लायब्ररीत कॉपी करायचे म्हटलं तर निम्म्या लोकांच्या डिस्कवर ते मावलेच नसते. म्हणून त्यात हार्ड लिंक ही युक्ती वापरली आहे. फोटो डिस्कवर एकदाच असतो. जुनी लायब्ररीही त्याच्याकडे बोट दाखवते आणि नवीही.

माझ्या आईला हे सातबाऱ्यावरून लगेच कळलं. दहा एकर जमीन आहे आणि सातबाऱ्यावर दोन भावांची नावं आहेत. एकाला विचारा, तो म्हणेल दहा एकर. दुसऱ्याला विचारा, तोही म्हणेल दहा एकर. बेरीज वीस होते, पण जमीन दहाच एकर आहे. फाइंडर हेच करतं: प्रत्येक लायब्ररीला वेगळं विचारतं आणि दोन्हीकडून पूर्ण आकडा ऐकतं. एका भावाचं नाव कमी केलं तर जमीन कमी होत नाही, आणि तुमची डिस्कही मोकळी होत नाही. मला मिळालेले ३ जीबी हे जुन्या लायब्ररीच्या स्वतःच्या लहान प्रती आणि डेटाबेस, एवढेच.

यातून दोन गोष्टी निघतात. जुनी लायब्ररी काढली म्हणून नव्या लायब्ररीतले फोटो जात नाहीत. तेवढी भीती सोडा. दुसरी गोष्ट मात्र लोक सोयीस्कर विसरतात. ‘जुनी आहे ना, बॅकअप म्हणून राहू दे’ हे वाक्य मी दहादा ऐकलंय. एकाच डिस्कवरची जुनी लायब्ररी बॅकअप नसते. डिस्क बंद पडली की दोन्ही भाऊ एकदमच भूमिहीन.

तुमच्या मशिनवर असंच आहे का, हे तपासता येतं. टर्मिनल हे आज्ञा टाइप करायचं अ‍ॅप उघडा. इंग्रजी छोट्या लिपीत ‘डी यू’ ही दोन अक्षरं जोडून लिहा, एक जागा सोडा, उणे चिन्ह आणि त्याला लागून ‘एस एच’ लिहा, पुन्हा एक जागा सोडा. मग फाइंडरमधून जुनी लायब्ररी टर्मिनलच्या खिडकीत ओढून सोडा, तिच्या पाठोपाठ नवीही, आणि एंटर दाबा. दोन्ही एकाच ओळीत हव्यात, कारण ही आज्ञा एका फेरीत एक फाइल एकदाच मोजते. पहिला आकडा मोठा आणि दुसरा किरकोळ आला तर फोटो सामाईक आहेत. दोन्ही मोठे आले तर बहुधा खरंच दोन प्रती आहेत आणि जुनी काढून जागा मिळेल.

‘बहुधा’ म्हटलं त्याला कारण आहे. मॅकओएस हाय सिएरापासून, म्हणजे २०१७ पासून, मॅकच्या डिस्कवर एपीएफएस ही नवी मांडणी आली. तिच्यावर तुम्ही कधी फाइंडरमधल्या ‘डुप्लिकेट’ने लायब्ररीची प्रत काढली असेल तर तीही आतून सामाईकच असते, पण ही आज्ञा ती वेगवेगळी मोजते.

परवानगी नसल्याची ओळ टर्मिनलमध्ये आली तर घाबरू नका. नव्या मॅकओएसमध्ये फोटोंच्या लायब्ररीला कुलूप असतं. सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात फुल डिस्क अ‍ॅक्सेस, तिथे टर्मिनल चालू करा. काम झालं की आठवणीने बंद करा.

इथपर्यंत आल्यावर कळलं की जुनी काढून चारच जीबी मिळणार आहेत, तर माझा सल्ला: आज काही काढू नका. जागा खाणारे बहुतेक वेळा व्हिडिओ असतात. फोटोजमध्ये मीडिया टाइप्सखाली व्हिडिओ उघडा. आईच्या मॅकवर गणपती विसर्जनाची मिरवणूक होती, अलका चौकात एकाच जागी उभं राहून घेतलेली, वीस वीस मिनिटांची, अकरा वर्षांची.

३. फोटो खरंच लायब्ररीच्या आत आहेत का?

याच पायरीवर माझा हिवाळा गेला.

आयफोटोच्या सेटिंगमध्ये फोटो लायब्ररीत कॉपी करण्याची एक चौकट होती. फोटोजच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली ती आजही आहे. चौकटीत खूण असेल तर इम्पोर्ट करताना फोटोची प्रत लायब्ररीच्या पोटात जाते. खूण काढलेली असेल तर फोटो होता तिथेच राहतो. लायब्ररी फक्त त्याचा पत्ता लिहून घेते आणि पाहण्यापुरती लहान प्रत ठेवते. जागा वाचवायला मी ती खूण २०१३ मध्ये कधीतरी काढली होती आणि साफ विसरले होते. स्थलांतर करताना फोटोजने तो पत्ता तसाच पुढे चालवला. मग मी फोल्डर उडवलं. लहान प्रती जागच्या जागी असल्यामुळे तीन आठवडे मला पत्ताही लागला नाही.

तुम्ही असं तपासा. फोटोजमध्ये फाइल मेनूतून नवा स्मार्ट अल्बम करा. अट ठेवा: फोटो, इज, रेफरन्स्ड. अल्बम रिकामा आला तर सुटलात. त्यात फोटो दिसले तर ते सगळे लायब्ररीच्या बाहेर राहतात. एकेक निवडून फाइल मेनूतल्या ‘शो रेफरन्स्ड फाइल इन फाइंडर’वर गेलात तर ते कुठे आहेत हेही दिसतं.

बाहेरचे फोटो आत घ्यायचे असतील तर ते सगळे निवडा आणि फाइल मेनूतलं ‘कन्सॉलिडेट’ वापरा. ते फोटोंच्या प्रती लायब्ररीत आणतं. बाहेरच्या फाइली जागेवरच राहतात. त्यासाठी तेवढी मोकळी जागा आधी हवी. ती नसेल तर आधी पायरी ५ करून मग इथे परत या.

एक सूचना ठळक लिहून चिकटवावी अशी: लायब्ररीवर राइट क्लिक केलं की ‘शो पॅकेज कंटेंट्स’ येतं. बघायला हरकत नाही. पण आतलं काही हलवू नका, नाव बदलू नका, ‘हे फोल्डर जुनं दिसतंय’ म्हणून काढू तर मुळीच नका.

४. मोजा, आणि मग डोळ्यांनी बघा

नव्या लायब्ररीत सगळे फोटो दाखवले की तळाशी फोटो आणि व्हिडिओंची संख्या येते. ती वहीत लिहा. जुन्या लायब्ररीची संख्या काढणं अवघड आहे, कारण मॅकओएस कॅटलिनापासून पुढे, म्हणजे २०१९ नंतरच्या आवृत्त्यांवर, आयफोटो आणि अ‍ॅपर्चर उघडतच नाहीत. जुना मॅक घरात चालू असेल तर त्यावर उघडून संख्या घ्या. नसेल तर पॅकेजच्या आत ‘मास्टर्स’ नावाचं फोल्डर असतं, फार जुन्या लायब्ररीत ‘ओरिजिनल्स’. त्यातल्या फाइली मोजा.

आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. कॅमेऱ्याने रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग अशा जोडीने काढलेला फोटो लायब्ररीत एक धरला जातो, फोल्डरमध्ये दोन दिसतात. लपवलेले फोटो ‘हिडन’ अल्बममध्ये असतात आणि मॅकओएस व्हेंच्युरापासून तो अल्बम पासवर्डशिवाय उघडत नाही. आयफोटोची स्वतःची वेगळी कचरापेटी होती. तिच्यात पडून राहिलेल्या फाइलीही फोल्डरात मोजल्या जातात. पन्नास-शंभराचा फरक यातच विरतो. पाच हजारांचा फरक असेल तर थांबा.

आकड्यांवर भिस्त ठेवून चालत नाही, हे मी शिकले आहे. प्रत्येक वर्षातले दोन-तीन फोटो काढा, डबल क्लिक करा आणि झूम करून बघा. नखाएवढे दिसणारे चौकोन पुरावा नाहीत; माझे सगळे चौकोन शाबूत होते. सर्वांत जुनं वर्ष, रॉ फाइली आणि व्हिडिओ यांतले नमुने घ्याच. व्हिडिओ मधूनच चालवून बघा.

काही गोष्टी रूप बदलून येतात. आयफोटोतल्या ‘इव्हेंट्स’चे अल्बम होतात आणि ते ‘आयफोटो इव्हेंट्स’ नावाच्या फोल्डरात जातात. ताऱ्यांनी दिलेली श्रेणी शब्दखूण होऊन येते: ‘५ स्टार’ असा कीवर्ड शोधला की तुमचे पाच तारेवाले सापडतात. झेंडा लावलेल्यांचंही तसंच. अ‍ॅपर्चरमधले रंगांचे लेबलही कीवर्ड होतात, पण स्वतः तयार केलेले माहितीचे रकाने येत नाहीत. हे रकाने तुम्ही भरत होता, तर जुनी लायब्ररी एवढ्यात काढू नका.

५. बॅकअप, आणि तो उघडून बघणं

नवी हार्ड डिस्क आणली की ती मॅकला लावून डिस्क युटिलिटीत एपीएफएस किंवा मॅकओएस एक्स्टेंडेड या प्रकारात फॉरमॅट करा. बाजारातून येणाऱ्या डिस्क बहुधा विंडोजच्या सोयीने तयार केलेल्या असतात. एनटीएफएस प्रकारच्या डिस्कवर मॅक वाचू शकतो, लिहू शकत नाही. एक्सफॅटवर लिहू शकतो, पण फोटोजची लायब्ररी त्यावर ठेवायची नसते. तापकीर गल्लीत डिस्क घेताना दुकानदार ‘सगळ्याला चालते’ म्हणेल. चालते, फॉरमॅट केल्यावर.

मग फोटोज पूर्ण बंद करून नवी लायब्ररी या डिस्कवर ओढून कॉपी करा. दुसऱ्या डिस्कवर गेल्यावर हार्ड लिंकचा संबंध सुटतो आणि सगळे फोटो खरोखर कॉपी होतात. जागा असेल तर जुनी लायब्ररीही कॉपी करा, मी केली. पायरी ३ मध्ये बाहेर राहणारी फोल्डरं सापडली असतील तर तीही घ्या. लायब्ररीच्या कॉपीत ती येत नाहीत.

टाइम मशीन ही मॅकची बॅकअपची सोय चालू असेल तर उत्तमच, पण त्याच्या डिस्कवर हाताने लायब्ररी ठेवू नका. ती डिस्क त्यालाच राहू द्या.

कॉपी झाली की ऑप्शन की दाबून धरून फोटोज उघडा. कुठली लायब्ररी उघडायची ते विचारेल. एक्स्टर्नल डिस्कवरची निवडा आणि पायरी ४ मधले तेच नमुने तिथे झूम करून बघा. न उघडलेला बॅकअप हा मनाचा समज असतो. काम झालं की पुन्हा ऑप्शन दाबून आपल्या नेहमीच्या लायब्ररीवर या. हे विसरलात तर पुढचे आठवडाभराचे फोटो भलत्याच लायब्ररीत जातील.

आणि ती डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या घराघरांतले अल्बम चिखलात गेले. आमच्याकडे आजीच्या लग्नाचा एकही फोटो नाही तो त्यामुळेच. हे जुनं वाटत असेल तर २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. आंबील ओढ्याचं पाणी सोसायट्यांमध्ये शिरलं होतं. एक डिस्क दुसऱ्या घरी द्या, शक्यतो पाण्याच्या दुसऱ्या वाटेवरच्या. मला भावाच्या कपाटाने वाचवलं, आणि तेही त्याने ती डिस्क कधी परत केली नाही म्हणून.

६. आयक्लाउड असेल तर

दोन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. आयक्लाउड फोटोज, म्हणजे अ‍ॅपलच्या सर्व्हरवर फोटो ठेवण्याची सोय, चालू आहे का? चालू असेल तर ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ निवडलंय का?

ऑप्टिमाइझ चालू असेल तर मॅकवर बऱ्याच फोटोंच्या लहान प्रतीच असतात आणि मूळ फोटो अ‍ॅपलकडे. अशा लायब्ररीची डिस्कवर केलेली कॉपी अर्धवट असते. आधी ‘डाउनलोड ओरिजिनल्स’ निवडा, सगळं उतरू द्या, मग पायरी ५. घरच्या नेटवर याला दोन-तीन दिवसही लागतील.

दुसरा सापळा जास्त वाईट. जुनी लायब्ररी फाइंडरमधून काढली तर आयक्लाउडला त्याचा पत्ताही लागत नाही. पण ‘आता डुप्लिकेट काढूया’ म्हणून फोटोजच्या आत फोटो निवडून डिलीट केले, तर ते फोनवरून, आयपॅडवरून, सगळीकडून जातात. ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ते ३० दिवस थांबतात, त्यानंतर नाही. एका मैत्रिणीने मॅकवरचं ‘ओझं’ असं कमी केलं आणि संध्याकाळी तिच्या नवऱ्याने विचारलं की फोनमधला लेह कुठे गेला. सुदैवाने त्याने त्याच दिवशी विचारलं.

७. आता काढा, पण दोन टप्प्यांत

पहिल्या दिवशी फक्त बाजूला ठेवा. पिक्चर्समध्ये एक फोल्डर करा आणि त्याच्या नावातच तारीख घाला: ‘काढायचं, १५ ऑगस्टनंतर’. जुनी लायब्ररी त्यात सरकवा. डिस्क तीच असल्यामुळे ना वेळ लागत ना जागा. मॅक एकदा रीस्टार्ट करा, फोटोज उघडा आणि पुढचे दोन आठवडे नेहमीसारखं वापरा. फोटो शोधा, पाठवा, एखादा प्रिंट करा. जादा वाटणाऱ्या इतर फोल्डरांनाही याच वाटेने न्या: ती एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा आणि मॅकवरच्यांची नावं बदला. लायब्ररी त्यांच्यावर टेकलेली असेल तर त्यांतला फोटो डबल क्लिक केल्यावर ती ओरडू शकते, आणि नाव पूर्ववत केलं की शांत होईल. ती गप्प राहिली म्हणून टेकलेली नाही असं मात्र धरू नका, खरी तपासणी पायरी ३ चीच. ही युक्ती मला मे महिन्यात सुचली असती तर हा लेखच नसता.

या दोन आठवड्यांत लायब्ररी ट्रॅशमध्ये ठेवू नका. फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये ३० दिवसांनी ट्रॅश आपोआप रिकामा करण्याची सोय आहे आणि ती कुणी कधी चालू केली हे घरात कुणालाच माहीत नसतं.

ठरलेल्या तारखेनंतर फोल्डर ट्रॅशमध्ये टाका आणि ट्रॅश रिकामा करा. हजारो छोट्या फाइली असल्यामुळे याला वेळ लागतो. निळी पट्टी अडकल्यासारखी दिसली तरी मध्ये तोडू नका. जागा लगेच वाढली नाही तर एक दिवस थांबा: टाइम मशीन चालू असेल तर मॅक स्वतःच्याच डिस्कवर तासातासाची चित्रं (फोटो नव्हेत, डिस्कच्या त्या वेळच्या स्थितीच्या नोंदी) राखून ठेवतो आणि ती साधारण २४ तासांनी गळतात.

त्यानंतर अ‍ॅप्लिकेशन्समधून आयफोटो काढा. राहिलं तरी बिघडत नाही.

८. पिकासा आणि लाइटरूमवाल्यांसाठी

पिकासाचं दुखणं उलटं आहे. त्यात लायब्ररी नावाची वस्तूच नाही. ते तुमची विंडोजमधली फोल्डरं जशीच्या तशी दाखवायचं. त्यामुळे ‘पिकासातून काढून टाकू’ म्हणून तिथे फोटो डिलीट केला तर तो डिस्कवरून जातो. गूगलने १५ मार्च २०१६ ला डेस्कटॉपवरच्या पिकासाचा आधार काढून घेतला, पण ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ते अजून चालतं, आणि सोडण्याआधी ते चालत असणं फार गरजेचं आहे.

कारण असं, की पिकासात केलेले बदल मूळ फोटोत लिहिले जात नाहीत. प्रत्येक फोल्डरात ‘पिकासा डॉट आयएनआय’ नावाची एक लपलेली फाइल असते; कापणं, उजळवणं, चेहऱ्यांची नावं, सगळं तिच्यात. दुसरं सॉफ्टवेअर ती वाचेल या भरवशावर राहू नका. म्हणून पिकासा काढण्याआधी आवडते, सुधारलेले फोटो त्यातून ‘एक्स्पोर्ट’ करून घ्या. ‘सेव्ह’ केलेत तर बदल फोटोत उतरतात आणि मूळ फोटो ‘पिकासा ओरिजिनल्स’ या लपलेल्या फोल्डरात जातो. विंडोजमध्ये लपलेल्या फाइली दाखवायची सोय चालू करा आणि कॉपी करताना नेहमी पूर्ण फोल्डर उचला. आतले फोटो निवडून उचलले तर लपलेलं मागे राहतं. चेहऱ्यांची नावं फोटोतच साठवण्याचा पर्याय ३.९ आवृत्तीत ऑप्शन्सच्या नेम टॅग्जमध्ये आहे. मामा-मावश्यांच्या नावांवर तुम्ही संध्याकाळी घालवल्या असतील तर ते आधी करा.

लाइटरूम क्लासिकमध्ये कॅटलॉग वेगळा आणि फोटो वेगळे, हे तिथल्या लोकांना सहसा माहीत असतं. सोडून जाताना सगळे फोटो निवडून ‘सेव्ह मेटाडेटा टू फाइल’ करा. श्रेणी, कीवर्ड आणि बदलांच्या नोंदी फोटोंबरोबर येतील. कलेक्शन्स आणि व्हर्च्युअल कॉपी येणार नाहीत. प्रीव्ह्यूजचं फोल्डर बिनधास्त काढा, पण कॅटलॉगची मूळ फाइल ठेवा. काही हजार फोटोंच्या नोंदींची ती फाइल असून असून किती मोठी असणार.

९. जुनी डिस्क कुणाला देणार असाल तर

ट्रॅश रिकामा केल्यावरही फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून फोटो परत काढता येतात. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात अशा डिस्क ढिगाने मिळतात आणि त्यांतल्या सगळ्याच कोऱ्या नसतात. द्यायच्या आधी डिस्क युटिलिटीत ‘इरेज’ निवडा, ‘सिक्युरिटी ऑप्शन्स’मध्ये जाऊन डिस्कभर पुन्हा लिहिण्याचा पर्याय घ्या आणि ती रात्रभर चालू द्या. माझी ३२० जीबीची पहिली डिस्क मी अशी पुसायला काढली, लावून बघितली, आणि त्यात २०११ च्या पालखीचे तीनशे फोटो निघाले, जे कुठल्याच लायब्ररीत नव्हते. ती सध्या परत भावाकडे आहे.